भोपळ्याचं सूप, दिवसातून दोनदा

हाड बसलं, टाके सुकले, ताप उतरला. पण तात्या जेवेनात.

खुब्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर तात्या ताठ पडून होते आणि जेवणाची गाडी आली की तोंड भिंतीकडे फिरवत होते. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. एका डोळ्याला भिंग लावून दुसरा मिटायची सवय इतकी अंगात मुरलेली, की इस्पितळाच्या ताटाकडेही त्यांनी एकच डोळा उघडून पाहिलं. ताटात एक पांढरा मऊ गोळा, वाटीत एक पांढरं पातळ काहीतरी, आणि कडेला ‘मऊ आहार’ असं छापलेलं कार्ड.

“याला रंग नाही, वास नाही, चव नाही,” तात्या म्हणाले. “शाळेत आम्हाला पाण्याची व्याख्या अशी शिकवली होती.”

“तात्या, दोन घास तरी घ्या.”

“ते कार्ड दे. ते खातो. त्यावर शाई तरी आहे.”

हे ऐकणारा मुलगा म्हणजे काही लहान मूल नव्हे. पन्नाशी उलटलेला गृहस्थ, एका छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासायला. इमारतीत त्यांना सगळे तपासनीस म्हणत. लिफ्टमधली सूचना असो, औषधाच्या खोक्यावरचा मजकूर असो, हातात काही छापील आलं की तपासनीसांच्या खिशातून लाल पेन बाहेर यायचं. चूक दिसली आणि गप्प बसले, असं त्यांच्याकडून कधी झालं नाही. खोटं बोलणं म्हणजे जिभेची छपाईची चूक, असं त्यांचं मत होतं. हे मत छापखान्यात ठीक होतं. इस्पितळाच्या फाटकावर ते किती महागात पडणार होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मोठे डॉक्टर फेरीला आले, त्यांनी तक्ता पाहिला आणि भुवया चढवल्या. “हाड माझं काम होतं, ते मी केलं. पोट तुमचं काम आहे, आजोबा. तीन दिवस वाट बघतो. चौथ्या दिवशी सकाळी नाकातून नळी.”

नळी हा शब्द ऐकून तात्यांनी दोन्ही डोळे उघडले. पांघरुणाची कड त्यांनी मुठीत घट्ट धरली. डॉक्टर गेल्यावर बऱ्याच वेळानं ते भिंतीला उद्देशून म्हणाले, “सूनबाईच्या हातचं भोपळ्याचं सूप असतं तर...”

वाक्य अर्धंच राहिलं. पण तपासनीसांना तेवढं पुरे होतं.

आता भोपळ्याचं सूप एका घरातून एका खाटेपर्यंत न्यायचं, याला कुणी मोहीम म्हणणार नाही. घर ते इस्पितळ वीस मिनिटांचं अंतर. दुपारी बायकोनं सूप करून थर्मासमध्ये भरलं, झाकण दोनदा आवळलं आणि बजावलं, “अहो, गरम आहे तोवर द्या. आणि मिरपूड मुद्दाम थोडी जास्त घातलीय म्हणावं, त्यांना आवडते तशी.”

फाटकावर फलक होता : बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई. फलकाखाली पहारेकरी होता.

“पिशवीत काय?”

दुसरा कुणीही ‘पाणी’ म्हणून पुढे गेला असता. तपासनीस म्हणाले, “भोपळ्याचं सूप. मिरपूड घातलेलं.”

“मग इथं फळीवर ठेवा. जाताना घेऊन जा.”

“अहो, पण माझे वडील चार दिवस जेवले नाहीत.”

“साहेब, नियम मी केलेला नाही. मी फक्त त्याच्यापुढे उभा असतो.” पहारेकरी वाईट माणूस नव्हता. त्यानं आवाज खाली आणला. “मागच्या महिन्यात एकानं साखरेच्या पेशंटला केक पोचवला. वर पेशंटनं केक खाल्ला, खाली मी मेमो खाल्ला.”

थर्मास फळीवर गेला. संध्याकाळी तपासनीसांनी तो घरी आणून उघडला, तेव्हा सुपावर साय धरली होती. बायकोनं आत पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता सूप ओतून दिलं. ती बोलली असती तर बरं, असं त्यांना वाटलं.

ही बातमी जिन्यात पोचायला पाच मिनिटं लागली. तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, “लेखी तक्रार करा. तीन प्रती. एक आपल्याकडे ठेवा.” तीन प्रतींचं उत्तर यायला किती दिवस लागतात, हे छापखान्यातल्या माणसाला सांगायला नको. तेवढ्यात समोरच्या दारातले विमावाले बाहेर आले. लोकांना मरणाची भीती घालून पोट भरणारा हा माणूस स्वतः मात्र कशालाच भीत नसे.

“रबरी पिशवी,” ते म्हणाले.

“काय?”

“शेकायची रबरी पिशवी. तिच्यात सूप भरा, शर्टाच्या आत पोटाला बांधा आणि सरळ आत जा. पिशवीत काय, असं विचारलं तर हातात पिशवीच नाही! तुम्हाला खोटं बोलायलाच नको.”

शेवटच्या वाक्यानं तपासनीस घसरले. बायकोचा मात्र जीव वरखाली झाला. “माझं सूप? त्या पिशवीत?” पण नवऱ्यानं सांगितलेली तात्यांची ती घट्ट मूठ तिच्या डोळ्यांपुढे होती. तिनं कोरी पिशवी आणवली, तीन वेळा उकळत्या पाण्यानं धुतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाळणीनं गाळून सूप आत भरलं. नवऱ्याच्या पोटाला पिशवी बांधताना ती म्हणाली, “वाकू नका. शिंकू नका. आणि कुणाशी बोलू नका.”

तपासनीस वाकले नाहीत, शिंकले नाहीत, बोललेही नाहीत. पण पिशवी पाण्यासाठी केलेली होती, सुपासाठी नव्हे. बसमधून उतरताना बूच जरा सैल झालं. फाटकापर्यंत येईस्तोवर पांढऱ्या शर्टावर, बरोबर बेंबीच्या वर, एक पिवळा डाग उमटला आणि बघता बघता बशीएवढा झाला. डागातून वाफ येत होती.

पहारेकऱ्यानं तो पाहिला आणि त्याचा चेहराच उतरला. “साहेब! अहो साहेब, तुम्हाला काय झालंय हे?”

काही नाही, म्हणावं तर खोटं. खरं सांगावं तर सूप फळीवर. तपासनीसांनी तोंड उघडलं, आणि नेमकं तेव्हाच गरम सूप पोटाच्या मऊ भागाला लागलं. तोंडातून निघाली ती किंकाळी. ती अगदी खरी होती.

पहारेकऱ्यानं शिट्टी फुंकली. चाकाची खुर्ची आली. काल ज्यानं थर्मास आत सोडला नव्हता, त्यानंच आज सुपासकट तपासनीसांना धावत आत नेलं. दारातली गर्दी बाजूला झाली. एक म्हातारी त्यांच्याकडे बघून “अरेरे, एवढा धडधाकट माणूस!” म्हणाली. तीस वर्षांच्या नोकरीत एकही दिवस आजारपणाची रजा न घेतलेले तपासनीस खुर्चीत डोळे मिटून बसले होते. कुणी ओळखीचं भेटू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं हातमोजे चढवले आणि गंभीरपणे विचारलं, “कधीपासून गळतंय?”

“बसपासून.”

“रंग नेहमी असाच असतो?”

“भोपळा चांगला पिकलेला असला की.”

डॉक्टरीण थांबली. तिनं शर्टाचं एक बटण काढलं, वाकून वास घेतला. “मिरपूड?”

“थोडी जास्त. तात्यांना आवडते.”

मग सगळं बाहेर पडलं. उरलंसुरलं सूपही. डॉक्टरीण आधी हसली, मग मलम लावता लावता तिचं हसू ओसरलं. “आजोबांना किती दिवस झाले म्हणालात?”

“आज पाचवा. परवाच्या दिवशी सकाळी नळी घालणार आहेत.”

“हे बघा, काका. फाटकावर बंदी खाद्यपदार्थांना आहे. औषधाला नाही. मोठ्या डॉक्टरांनी सूप लिहून दिलं, तर तुम्हाला कोण अडवणार?”

इतकी सोपी गोष्ट! तपासनीसांना वाटलं, या मुलीला उठून नमस्कार करावा. पण पोटाला मलम होतं, वाकता येत नव्हतं.

मोठे डॉक्टर घाईत होते, आणि घाईतला डॉक्टर कशावरही सही करतो. त्यांनी चिठ्ठी लिहिली : भोपळ्याचं सूप, दीडशे मिलिलिटर, दिवसातून दोनदा, जेवणाआधी. ती घेऊन तपासनीस तळमजल्यावरच्या औषधांच्या खिडकीशी गेले. आतल्या फार्मासिस्टनं चिठ्ठी वाचली, उलटी करून पाहिली, पुन्हा वाचली.

“हे आमच्याकडे नाही.”

“माझ्याकडे आहे. घरून आणायचंय. तुमचा शिक्का हवाय फक्त.”

“म्हणजे बाहेरचं औषध. मग बाटली लागेल. बाटलीवर नाव, घटक, प्रत्येकाचं प्रमाण, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, मुदत.”

समोरच आहार विभागाची खिडकी होती. तिच्यातून एक डोकं बाहेर आलं. “एक मिनिट! सूप माझ्या खात्यात येतं,” आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या.

“डॉक्टरांनी लिहून दिल्यावर नाही येत.”

“उद्या डॉक्टर खुर्ची लिहून देतील. ती काय बाटलीत भरणार? सूप हे अन्न आहे. आणि बाहेरचं अन्न मी आत येऊ देणार नाही.”

“बाई, साखर बरणीत असली तर तुमची. सलाइनच्या बाटलीत गेली की माझी.”

“आणि मीठ?”

“तसंच.”

“पाणी?”

फार्मासिस्ट अडखळले. “पाण्यावर आमची बैठक चालू आहे.”

खिडकीपुढची रांग आता दोन्हींकडे कान देऊन उभी होती. कुबडीवाला एक गृहस्थ म्हणाला, “माझी बायको सकाळी कॉफी घेतल्याशिवाय एक शब्द बोलत नाही. मग कॉफी औषध म्हणायची का?” मागून कुणीतरी विचारलं, “आणि ती बोलायला लागली की तुम्ही काय घेता?” रांगेत हशा पिकला. तपासनीस मात्र मधोमध उभे होते, हातात चिठ्ठी, शर्टावर भोपळा; आणि वर तिसऱ्या मजल्यावर दुपारचं ताट परत गेलेलं असणार, हे त्यांना न बघता कळत होतं.

शेवटी अधीक्षकांना बोलावलं. अधीक्षक जेवण अर्धवट टाकून आले होते, त्यामुळे निकाल झटपट लागला. “चमच्यानं मोजून दिलं तर औषध. वाडग्यातून प्यालं तर अन्न. हे चमच्यानं द्या. संपलं.”

“ठीक आहे,” आहारतज्ज्ञ बाई खिडकी लावता लावता म्हणाल्या. “पण वाडग्यातून प्यालेलं मला दिसलं, तर माझ्याशी गाठ आहे.”

त्या संध्याकाळी तपासनीसांच्या स्वयंपाकघरात औषधनिर्मिती सुरू झाली. मुख्याध्यापिकाबाई पत्रं तोलायचा जुना काटा घेऊन आल्या, विमावाले सल्ले घेऊन आले. भोपळा, बटाटा, कांदा तोलून झाला. मग घोडं मिठापाशी अडलं. तपासनीसांनी कागदावर ‘मीठ : चवीनुसार’ असं लिहिलं होतं, पण फार्मासिस्टनं बजावलं होतं, की औषधात चवीनुसार काही नसतं.

“किती मीठ घालतेस?”

“चिमूटभर.”

“चिमूट म्हणजे किती?”

बायकोनं चिमूट काट्यावर टाकली. काटा हलला. दुसरी टाकली, तो वेगळ्या ठिकाणी थांबला. अकरा चिमटी झाल्या आणि अकरा वजनं आली. विमावाले म्हणाले, “सरासरी काढा.”

“माझी चिमूट चुकत नाही,” बायको म्हणाली. “तुमचा काटा चुकतो. सव्वीस वर्षं या घरात कुणी मीठ कमी म्हणालं नाही, जास्त म्हणालं नाही. आज माझ्याकडे हिशेब मागताय?” तिचा आवाज जरा कापला. मग सरासरी काढली गेली.

“बॅच नंबर एक टाकू?” तपासनीसांनी हळूच विचारलं.

“एक? सव्वीस वर्षं काय मी पाणी उकळत होते?”

शेवटी बॅच नंबर नऊ हजार चारशे टाकला. मुदतीपुढे काय लिहावं, असं विचारल्यावर “गरम आहे तोवर” असं उत्तर आलं, आणि यापेक्षा बिनचूक शब्द तपासनीसांनाही सुचेनात. राहिले दुष्परिणाम. ‘आढळले नाहीत’ असं त्यांनी लिहिलं. मग पोटाला हात लावून पाहिला, ते खोडलं आणि लिहिलं : ‘बाहेरून लावल्यास भाजते.’

तिसऱ्या दिवशी बायकोनं भल्या सकाळी ताजं सूप केलं. तपकिरी बाटली, पांढरी चिठ्ठी, घोटीव अक्षर. बाटलीला फडकं गुंडाळून तपासनीस न खातापिता निघाले. त्यांनी आयुष्यात तपासलेल्या सगळ्या पुस्तकांपेक्षा ती चिठ्ठी निर्दोष होती. फाटकावर पहारेकऱ्यानं वाचून पाहिली आणि बाजूला सरकला. “औषध होय? मग जा की साहेब. तब्येत कशी आहे आता?” फार्मासिस्टनं दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या, एका ठिकाणी सही मागितली, एका साहेबाची वाट पाहायला लावली. शिक्का बसेपर्यंत दुपारचा एक वाजला.

वॉर्डात सिस्टरनं बाटली ट्रेमध्ये ठेवली, पंधरा मिलिलिटरचं मापटं भरलं आणि तात्यांपुढे धरलं. “आजोबा, आ करा.”

तात्यांनी एक डोळा उघडला. “हे काय?”

“औषध आहे.”

तात्यांनी तोंड मिटलं. नुसतं मिटलं नाही, कुलूप लावून किल्ली खिडकीबाहेर टाकावी तसं मिटलं. मग नाकातल्या नाकात म्हणाले, “सकाळपासून नऊ गोळ्या झाल्या. आता दहावं काही नको.”

“तात्या, अहो हे तुमच्या सुनेच्या हातचं सूप आहे. भोपळ्याचं! तुम्हीच मागितलं होतं.”

“बाटलीतलं सूप?”

“नाइलाज होता म्हणून बाटलीत. वास घ्या हवं तर.”

“वासाचं मला सांगू नकोस.” तात्यांनी मुलाकडे पाहिलं. “तू सहा वर्षांचा होतास. एरंडेल घेत नव्हतास. मी त्यात लिंबू पिळलं, साखर घातली आणि सरबत म्हणून दिलं. तू एका दमात प्यालास. मग दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. औषध पाजताना माणूस कसा गोड बोलतो, ते मला ठाऊक आहे.”

सिस्टरनं तीनदा प्रयत्न केला. मग तक्त्यावर लिहिलं : औषध नाकारले. आणि बाटली उचलली.

“कुठं नेताय?”

“नाकारलेलं औषध टाकून द्यावं लागतं, काका. माझ्यासमोर मोरीत ओतायचं आणि सही करायची.” तिलाही ते बरं वाटत नव्हतं. “उद्या सकाळी नळी घालतील. एवढं काही नसतं त्यात. सवय होते.”

तपासनीस स्टुलावर बसले होते. तीन दिवसांत त्यांनी पहारेकऱ्याला तोंड दिलं होतं, पोट भाजून घेतलं होतं, दोन खिडक्यांच्या मध्ये तमाशा करून घेतला होता, बायकोला तिच्याच स्वयंपाकघरात परीक्षेला बसवलं होतं. आणि आता मोरी. सकाळपासून पोटात काही नव्हतं. बाटलीचं बूच सैल होतं, त्यातून तो वास येत होता. भोपळा, थोडा जास्त मिरपुडीचा.

“द्या इकडे,” ते म्हणाले.

“अहो काका, दुसऱ्याच्या नावाचं औषध...”

“सिस्टर, मला भूक लागलीय.”

त्यांनी खाटेशेजारच्या खणावरचा तात्यांचा पाण्याचा पेला घेतला, बाटलीतून तो भरला आणि प्यायला सुरुवात केली. मापटं नाही, चमचा नाही. डोळ्यांत पाणी का आलं, हे त्यांना नीट कळलं नाही. मिरपूड म्हणावी तर तेवढी नव्हती. ते कुणाकडे बघत नव्हते. अर्धा पेला झाला तरी त्यांनी मान वर केली नाही.

खाटेवरून आवाज आला. “मीठ कमी आहे का?”

“नाही. बरोबर आहे.”

“मिरपूड?”

“आहे.”

“बटाटा घातलाय तिनं?”

“हो. गाळून घेतलाय पण.”

“गाळायचा कशाला? गाठी राहिल्या तर चालतात मला.” तात्या कोपरावर जोर देऊन जरासे उठले, कळ आली तसे थांबले, पुन्हा उठले. “एकटाच संपवणार आहेस का सगळं? आण इकडे.”

तपासनीसांनी पेला पुढे केला. सिस्टरनं आधी दाराकडे पाहिलं. मग ती काठोकाठ भरलेला पाण्याचा जग उचलून म्हणाली, “यात पाणी नाही वाटतं. भरून आणते,” आणि पडदा ओढून बाहेर गेली.

तात्या दोन्ही हातांनी पेला धरून प्याले. घोट घेतला, थांबले, जिभेवर घोळवला, पुन्हा घेतला. मुलानं बाटलीतलं उरलेलं ओतलं, तेही प्याले. एक घोट तळाशी ठेवला आणि पेला मुलापुढे सरकवला.

“घे. तूही काही खाल्लेलं दिसत नाही.”

“तुम्ही संपवा, तात्या.”

“घे म्हणतो ना.” तपासनीसांनी शेवटचा घोट घेतला. तात्या उशीवर टेकले. सहा दिवसांत पहिल्यांदा त्यांचं तोंड भिंतीकडे नव्हतं. “आणि उद्या जास्त आण. येताना एक पेला पण आण घरचा. एकाच पेल्यात दोघांनी प्यायला आपण काय इस्पितळात आहोत?”